आई कल्याणला राहिली

आईचा हात मोडला त्या दिवशी मी कल्याणच्या लॅबमध्ये रक्त घेत होते. समोरच्या बाईंच्या दंडाला पट्टा बांधला होता, शीर सापडली होती, आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. सुई काढून कापूस दाबेपर्यंत तो तीनदा वाजून थांबला. फोन चुलत्यांचा होता. गावात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे.

"बाय, तुझी आयस बांधावरनं पडली. घाबरू नको. मनगट मोडलाय फक्त."

आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपत आली होती. शेवटच्या खाचरात रोपांच्या मुठी पोचवायला आई गेली आणि बांधावर पाय सटकला. चुलत्यांनी तिला शहापूरला नेऊन प्लास्टर घालून आणलं. मी संध्याकाळी पोचले तेव्हा ती ओटीवर बसून डाव्या हाताने चहा पीत होती. मला बघून म्हणाली, "सुट्टी टाकली का गो? कशाला?"

आमचं गाव किन्हवलीपासून जवळ. वडील मुरबाडच्या एका कारखान्यात होते, आई शेत बघायची. वडील जाऊन आता सहा वर्षं झाली. मी बाविसाव्या वर्षी लॅबचा कोर्स करून कल्याणला गेले ती तिथलीच झाले. पुढे तिसऱ्या मजल्यावर एक छोटं घरही घेतलं. लग्न केलं नाही. गावात म्हणतात जमलं नाही. मीही कधी दुरुस्त करायला जात नाही.

हात मोडल्यावर जो भेटायला येई तो मला एकच सांगे: आता आईला एकटं ठेवू नको. कोणी ते आईला सांगितलं नाही, की तिला काय वाटतं ते विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्याच सुमारास आमच्या सरांनी शहापूरला लॅबची छोटी शाखा काढली होती. तिथे फक्त रक्त, लघवीचे नमुने घ्यायचे आणि अकराच्या आत गाडीने कल्याणला रवाना करायचे. जायला कोणी तयार नव्हतं. मी सरांना म्हटलं, मी जाते.

सर म्हणाले, "मॅडम, लोक तिकडून इकडे यायला बघतात."

"आई एकटी आहे," मी म्हटलं.

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्या दिवसांत मला कल्याणचा वीट आला होता. आमच्या सोसायटीत इमारत पाडून नवी बांधायची की नाही यावर दर आठवड्याला सभा व्हायची आणि सभेत माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना गावच्या गोष्टी ऐकवायचे. पावसाळ्यात कुर्डूची भाजी कशी येते, वालाच्या शेंगा शेतातच कशा उकडतात, आमच्या मागच्या डोंगरावर ढग कसे बसतात. ऐकणारे म्हणत, "मग जा ना राहायला." आईच्या मनगटाने मला ते निमित्त दिलं. कल्याणच्या घराला कुलूप लावून मी दोन बॅगा आणि स्कूटी घेऊन गावी आले.

सकाळी सव्वासातला निघायचं, पाऊण तासात शहापूर. कामाचा वेळ बरा जायचा. पेशंट ओळखीचे निघत. कल्याणमध्ये नळीवरचा बारकोड बघायची सवय झालेली; इथे माणूस खुर्चीवर बसल्या बसल्या विचारी, तू अमक्याची पोर ना? खरी पंचाईत दुपारनंतर सुरू व्हायची. अडीचला मी घरी परत आलेली असे आणि मग दिवस पुढे सरकेना. आईने काम करायचं नाही असा मी नियम केला होता, त्यामुळे ती ओटीवर बसून राही. मी घर आवरायला घेई. डबे उतरवले, पुसले, वेगळ्या क्रमाने लावले. दुसऱ्या दिवशी आईला हळद सापडली नाही.

"व्हता तसा ऱ्हाऊ दे की गो," ती म्हणाली. "चाळीस वर्सं माझा हात तितंच जातो."

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. तिथे उभं राहिलं की येणारा-जाणारा विचारणार, कोणाशी बोलते? एकदा वाटलं, संध्याकाळी रस्त्याने चालून यावं. कल्याणला रोज चालायचे. बूट घालून निघाले तर दहा मिनिटांत तीन मोटारसायकली थांबल्या. "काय झालं बाय, गाडी बिघडली का?" चालायला निघालेय म्हटल्यावर एकाने मागची सीट पुसून दिली. तिसऱ्या दिवशी चुलतीने आईकडे हळूच चौकशी केली, पोरीचं काही बिनसलंय का. मी चालणं बंद केलं.

रविवारी मी कल्याणला जाई. सांगायचं कारण असं, की घर बंद राहून कुबट होतं, खिडक्या उघडून यायला हव्यात. सरळगाव, मुरबाड करत एसटीने पोचायचे. कुलूप काढलं की पहिला अर्धा तास फार बरं वाटायचं. पंखा लावून खुर्चीत बसायचं, कोणी काही विचारणार नाही. अर्ध्या तासाने उठून फरशी पुसायचे. मग आठवायचं, आई डाव्या हाताने भाकरी थापायला बसली असणार. चारची एसटी धरायची म्हणून निघायचे ते अडीचचीच धरायचे. मुरबाडच्या स्टँडवर गाडी बदलताना वाटायचं, अजून थोडं थांबायला हवं होतं कल्याणला. घरी पोचले की आई माझ्याकडे निरखून बघायची.

प्लास्टर काढलं तेव्हा मनगट वळेना. डॉक्टरांनी रोज फिजिओथेरपी करायला सांगितली. कल्याणला आमच्या गल्लीतच एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम बसतात. म्हटलं, दहा दिवस आईला तिथे नेऊ, मी तिथूनच शहापूरला ये-जा करीन. आईने दोन साड्या, घरचे तांदूळ आणि सुकटीची पुडी एवढंच घेतलं. वडील गेल्यानंतर ती माझ्याकडे एकदाच आली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत गेली होती, म्हैस होती म्हणून. आता म्हैस नव्हती.

पहिल्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून होती. दुसऱ्या दिवशी मी परतले तर खिडकीत उभी. तिसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या गुजराती बाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, तुमच्या आईने सुकटीची चटणी शिकवते म्हटलंय, पण आमच्यात चालत नाही हे मी त्यांना कसं सांगू? पाचव्या दिवशी आईला भाजीवाल्यांचे भाव माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. पुढच्या चौकातल्या बुद्धविहारात सकाळी बायका वंदनेला जमतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तिने सहाव्या दिवशी सांगितलं.

आठव्या दिवशी मी आले तर दाराला कुलूप. फोन लावला तर तो आतच वाजत होता. साडेपाच वाजले होते. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, त्या तर चारलाच गेल्या. विहार बंद. भाजीवाला म्हणाला, आज दिसल्या नाहीत. मी रिक्षांच्या मधून, हातगाड्यांच्या मधून धावत होते आणि डोक्यात नको नको ते येत होतं. रस्ता ओलांडताना कोणी उडवलं असेल, चुकली असेल, पत्ता सांगता आला नसेल.

ती बागेत सापडली. महापालिकेची छोटी बाग, चार बाकडी, एक घसरगुंडी. एका बाकावर ती एकटी बसली होती. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे खात होती. चपला काढून पाय बाकावर घेतले होते.

"कुठे होतीस तू?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हितंच."

"कोणाला सांगून जायचं ना!"

"कोनाला सांगू?" तिने पुडी माझ्यापुढे धरली. "हितं कोनाला सांगाया लागत नाय. बस."

मला धाप लागली होती. मी बसले. ती समोर बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पलीकडे रस्ता आणि त्यावरची वाहनं.

"तुला सांगू का बाय," ती म्हणाली, "घरातनं निघाली म्हंजी कायतरी आनाया निघाली. पानी, चुलीची फाटी, वैरन, बाजार. नुसती बसाया कवा निघाली नाय मी. लगीन झाल्यापासनं."

मी पुडीला हात लावला नाही. मला अजून राग आवरत नव्हता.

दहाव्या दिवशी मी बॅग भरायला घेतली. मनगट बऱ्यापैकी वळत होतं. आई पलंगावर बसून माझं भरणं बघत होती. मी तिची साडी घडी करून आत ठेवली, तशी तिने ती उचलून बाहेर काढली.

"मी नाय येत."

"म्हणजे? अजून दोन दिवस?"

"मी हितंच ऱ्हाते."

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा बघितला. "आई, मी इथलं सगळं सोडून गावी आले. तुझ्यासाठी."

"मी बोलवलं व्हतं का तुला?"

ती ओरडली नाही. साधं विचारल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, "आणि शेत? भात उभं आहे."

"शेत तुला पायजे व्हतं. तूच सगळ्यांना सांगायची, माझं गाव, माझं गाव. तुझे बाबा सांगायचे, मुरबाडला खोली घेऊ, मग कल्यानला घेऊ. त्यांनी नाय घेतली. तू घेतली. मंग मी त्याच्यात ऱ्हायाचं नाय?"

"तुला इथे करमेल का पण?"

"तुला करमतं का तितं?"

मी बॅग तशीच टाकून, न जेवता बाहेर पडले. मुरबाडच्या गाडीत खिडकीशी बसले आणि टिटवाळ्याचा फाटा गेला तरी मनात तिच्याशी भांडत होते. एवढी वर्षं आपल्याला वाटत होतं की आई गावाला चिकटून आहे, तिला उपटून आणणं पाप आहे. आपण तिला एकदाही नीट विचारलं नाही. आणि तिनेही कधी सांगितलं नाही, याचाही राग येत होता. सगळ्यात जास्त राग याचा, की आता गावी राहायला माझ्याकडे काही कारणच उरलं नव्हतं.

गावात पहिला प्रश्न तोच. आयस कुठं? मी सांगितलं, व्यायाम बाकी आहे. आठवड्याने तेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात चुलते ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी सरळ विषय काढला.

"लोक बोलतात बाय. म्हातारीला चार भिंतीत कोंडली नि पोर हितं शेतावर बसली. जमीन इकायची हाय का तुला?"

आमच्या रस्त्याला फार्महाउसच्या प्लॉटचे फलक लागलेत, त्यामुळे हल्ली कोणाच्याही मनात पहिलं तेच येतं. मी म्हटलं, "काका, तीच येत नाही. तिला तिथे आवडलंय."

चुलत्यांनी मान वर केली. "वयनीला?" ते म्हणाले. आणि मग, "आवडलंय म्हंजी?" त्यांना मी खोटं बोलते असं वाटलं असावं. मी आईला फोन लावून दिला. टाकीखाली उभं राहून ते तिच्याशी बोलले आणि फोन परत देताना माझ्याकडे न बघता निघून गेले. ती काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही, पण पुन्हा कोणी जमिनीचं काढलं नाही.

कापणी आली. डोळखांबकडचं एक जोडपं दरवर्षी चुलत्यांकडे कापणीला येतं, ते आलं. मी चार दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर उतरले. लहानपणी कापलं होतं, पण आता कंबर तासाभरात बोलू लागली. माझी ओळ मागे पडायची आणि ती बाई तिची संपवून माझ्या ओळीत समोरून कापत यायची. दुपारी आम्ही भाऱ्यांच्या सावलीला भाकरी खायला बसलो. दिवाळीनंतर ती दोघं वीटभट्टीवर जाणार होती.

"ताई, तुमची कल्यानला पन खोली हाय ना?" तिने विचारलं.

"आहे."

"नि हितं पन घर. मंग तुमी कुठं ऱ्हायाचं ठरवलं?"

मी म्हटलं, ठरत नाही.

ती हसली. "आमचं बरं हाय. मुकादम सांगतो तितं जायाचं. पाऊस आला का घरी यायाचं." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र तो लागला.

गंमत अशी, की शेत आईच चालवत होती. रोज पाचला ती बागेतून फोन करायची. मी टाकीखाली. खालच्या खाचरातलं आधी बांधून घ्या, तिथं ओल जास्त. भाऱ्यांची उडवी उंचावर रचा. झोडणी झाली का लगेच वाल पेरा, नाहीतर ओल जाईल. मागे मुलांचा आरडाओरडा आणि हॉर्न ऐकू यायचे. मध्येच ती कोणाला तरी हिंदीत सांगायची, "बैठो, बैठो, जागा है." मी एकदा म्हटलं, "एवढी काळजी आहे तर ये बघायला." ती म्हणाली, "काळजी नाय. ठाऊक हाय म्हनून सांगते."

वाल उगवून आले तेव्हा सरांचा फोन आला. कल्याणच्या मुख्य लॅबमधल्या सीनियर बाई सोडून चालल्या होत्या. त्यांची जागा मला द्यायची होती. शहापूरसाठी एक नवीन मुलगी तयार झाली होती. शनिवारपर्यंत कळवा, म्हणाले.

मी हेच हवं होतं असं समजून दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. एकदा बॅग काढली आणि परत माळ्यावर टाकली. गुरुवारी काम संपवून तडक कल्याणला गेले. खरं सांगायचं तर आईने म्हणावं अशी इच्छा होती की ये, एकत्र राहू.

दार उघडं होतं. आत विहारातल्या चार बायका खाली बसून पोहे खात होत्या. माझं कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं होतं. खिडकीत आईने कढीपत्ता लावला होता. "आज मधीच कशी आली?" आईने विचारलं आणि एका बाईने सरकून मला बसायला जागा केली. माझ्याच घरात मला पाहुणी म्हणून पोह्यांची बशी आली.

बायका गेल्यावर मी सगळं सांगितलं. आईने बश्या धुता धुता ऐकून घेतलं.

"घर तुझं हाय. तू ये, ऱ्हा. जागा व्हईल," ती म्हणाली. "पन मला माघारी पाठवू नको."

"ते नाही म्हणत गं मी. मी काय करू ते सांग."

"मी काय सांगू?" तिने हात पदराला पुसले. "तू बारकी व्हती तवा शाळंत गेली का घरी यायाची घाई, घरी आली का शाळंत जायाची. तुला कुठं बरंच वाटत नाय. त्याला गाव काय करल नि कल्यान काय करल?"

मी रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "जेवून जा."

शनिवारी शहापूरला दहाच्या सुमारास सरांचा फोन आला. समोर एक आजोबा बाही वर करून बसले होते. मी फोन खांद्याने कानाला दाबला. आदल्या रात्रीपर्यंत मी हो म्हणायचं ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. सर म्हणाले, "काय ठरलं?" आणि मी म्हटलं, "नको सर, मी इथेच राहते." ते माझंच बोलणं आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. सरांनी का विचारलं, तर मला सांगता आलं नाही. अजूनही नीट सांगता येत नाही. आईपासून दूर राहायचं होतं असं नाही, आणि गावावर प्रेम उतू जात होतं असंही नाही. कदाचित इतकंच, की आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे कोणासाठी म्हणून नव्हते आणि ते कसं असतं ते बघायचं होतं.

याला आता वर्ष होऊन गेलं. आई मधे दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा दोन रात्री राहिली आणि चुलतीला कल्याणच्या गोष्टी सांगून तिने हैराण केलं. मी संध्याकाळी पुन्हा चालायला लागले. मोटारसायकली आता थांबत नाहीत. फार तर कोणीतरी हात करतं. अस्वस्थता मात्र गेलेली नाही. मार्चमध्ये, सगळं रान वाळून जातं तेव्हा, दुपारी घरात बसवत नाही आणि मनात येतं की चूक केली, उद्याच सरांना फोन करावा. अजून केलेला नाही. करणारच नाही असंही सांगत नाही.

एक मात्र ठरून गेलं. महिन्यातून एका रविवारी आम्ही मुरबाडला भेटतो. ती कल्याणच्या गाडीने येते, मी सरळगावकडून. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ खातो. मी तांदूळ, वाल, कधी हिरव्या शेंगा आणते. ती मला कल्याणची फरसाणाची पुडी, एखादा चादरीचा जोड, असलं काही देते. बोलणं शेताचं आणि तिच्या बायकांचं.

गेल्या खेपेला मी म्हटलं, "मे महिन्यात येईन म्हणते दहा-पंधरा दिवस."

"मे महिन्यात?" ती विचारात पडली. "मे महिन्यात आमी सगळ्या बाया लेण्या बघाया चाललो. बस ठरवलीय. तू जूनला ये."

"जूनमध्ये आवणीची तयारी असते, आई."

"मंग बघ तुझं तू," ती म्हणाली, आणि तेवढ्यात कल्याणची गाडी फलाटाला लागली. वालाची पिशवी छातीशी धरून ती गर्दीत घुसली. खिडकीची जागा तिला मिळालेली मी खालून पाहिली. मी हात केला, पण तोवर ती शेजारच्या बाईशी बोलायला लागली होती. गाडी गेली. सरळगावची यायला अजून वीस मिनिटं होती. मी बाकावर बसले, उठले, जाऊन एक पाण्याची बाटली घेतली आणि परत येऊन बसले.